वॉटर चेंज केला की श्रिंप मरतात, मासे मात्र ठणठणीत. पाण्यात नेमकं काय चुकतंय?

समुद्रवेडी_वाघोली:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीये. थोडं लांबेल पण सगळं एकदमच सांगते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

टँक समुद्री माशांचा, खाऱ्या पाण्याचा, तीन फुटी आहे, ३६ बाय १८ बाय १८ इंच, खाली छोटा संप (फिल्टरची टाकी), रॉक आणि वाळू वजा करून एकूण पाणी मी २०० लिटर धरते. चौदा महिने झाले सुरू करून. मासे चारच, क्लाउनची जोडी, एक यलोटेल डॅमसेल आणि एक फायरफिश. कोरलमध्ये सगळं सॉफ्टच आहे, झोआ, मशरूम आणि एक मोठा लेदर. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू असतो, दर रविवारी २० लिटर पाणी बदलते, एकही रविवार चुकवलेला नाही.

फेब्रुवारीपर्यंत सगळं छान होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला क्लीनर श्रिंप गेला. रविवारी पाणी बदललं आणि सोमवारी सकाळी तो आडवा पडलेला. मला वाटलं मोल्टिंगमध्ये, म्हणजे कात टाकताना गेला असेल. मग दुसरा आणला, तो अकरा दिवस टिकला. तिसरा आणला तो तर पुढच्याच वॉटर चेंजनंतर गेला. आता स्नेलचं पण तेच सुरू झालंय, वाळूवर उलटे पडलेले असतात, सरळ करून काचेला लावले तरी धरत नाहीत, सुटून खाली पडतात. आठापैकी तीन उरलेत. दोन हर्मिट खेकडे शंख सोडून बाहेर येऊन मेले. लेदरने तीन आठवडे झाले पॉलिप बाहेर काढलेले नाहीत, मशरूम आकसलेत, झोआ अर्धवट उघडतात.

आणि मासे? एकदम मजेत. खाणं सोडलेलं नाही, उलट क्लाउनच्या जोडीने गेल्या आठवड्यात रॉकवर अंडी घातली. त्यामुळेच मला काही सुचत नाहीये, पाणी खराब असेल तर माशांना काहीच कसं होत नाही?

रिडिंग देते. सॅलिनिटी (खारटपणा) १.०२६ रिफ्रॅक्टोमीटरवर, तापमान २८.५ ते २९.५ (मे महिना आहे, पंखा लावलाय संपवर), अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५, केएच (क्षारता) ८.२, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, पीएच ८.१. फॉस्फेट डिजिटल चेकरवर ८० येतंय, म्हणजे ०.०८. पाणी पहिल्यापासून घरच्या आरओचंच वापरते, नळाचं थेंबभरही घातलेलं नाही.

चौथा श्रिंप आणायची हिंमत नाही होत. कुणी सांगाल का कुठे चुकतंय?

---

ठाण्याचा_टँक:

ताई, नायट्रेट १५ जास्त आहे आणि फॉस्फेट पण वरच आहे. मी असतो तर लगेच ५० टक्के पाणी बदललं असतं आणि रिअॅक्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) भरून टाकलं असतं. तापमान पण २७च्या खाली आणा, माझ्याकडे गेल्या मे मध्ये चिलर बंद पडला होता तेव्हा दोन दिवसांत झोआ मिटले होते. चिलर नसेल तर रात्री तरी खोलीचा एसी चालू ठेवा.

---

खारेपाणी:

एक मिनिट थांबा ताई, आत्ता ५० टक्के पाणी बदलू नका, आणि जीएफओ पण नको. ठाणेकर भाऊंचा सल्ला एरवी चुकीचा नाही, तापमानाचं ते बरोबरच बोलतायत, पण इथे गोष्ट वेगळी दिसतेय.

आधी नायट्रेटचं. १५ नायट्रेटने श्रिंप मरत नाही. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये १५-२० वर वर्षानुवर्षं श्रिंप जगतात, अंडी पण धरतात. ते डोक्यातून काढून टाका.

मग फॉस्फेट. तुमचा चेकर कुठला आहे ते नीट बघा. काही चेकर फॉस्फेट दाखवत नाहीत, फॉस्फरस दाखवतात, आणि ते सुद्धा पीपीबीमध्ये. तसा असेल तर ८० ला ३.०६६ ने गुणायचं, मग हजाराने भागायचं. म्हणजे तुमचं फॉस्फेट ०.०८ नसून ०.२४५ च्या आसपास आहे. ही चूक खूप जण करतात, मी स्वतः जवळजवळ वर्षभर केली आणि केसाळ शेवाळ का जात नाही म्हणून झुरत बसलो होतो. तरी पण ०.२४५ ने सुद्धा स्नेल उलटे पडत नाहीत. शेवाळ वाढेल, कोरलची वाढ मंदावेल, बस. आणि ते एका रात्रीत खाली ओढलंत तर आधीच मिटलेल्या कोरलना अजून धक्का बसेल. शिवाय रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यात फॉस्फेट मुरलेलं असतं, पाण्यातलं कमी केलं की रॉक परत सोडत राहतो, त्यामुळे ते काम सावकाशीचंच आहे. नंतर बघू.

आता मला तुमच्या पोस्टमध्ये खटकलेल्या दोन गोष्टी. एक, पाणी बदललं की तब्येत बिघडते. वॉटर चेंजने सुधारायला हवं, इथे उलटं होतंय, म्हणजे जे काही वाईट आहे ते टँकमध्ये तयार होत नाहीये, तुम्ही बाहेरून आणून ओतताय. दुसरं, मासे ठीक आहेत आणि बिनकण्याचे सगळे एकामागून एक चाललेत, श्रिंप, हर्मिट, स्नेल, कोरल. अमोनिया असता तर मासे पण धापा टाकत असते. हे चित्र बघितलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते तांब्याचं, म्हणजे कॉपर.

म्हणून आता ह्यांची उत्तरं द्या. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरात काय बदललं? मीठ दुसऱ्या कंपनीचं घेतलं का, नवीन बादली, नवीन पंप, पाणी मिसळायला कुठे पितळी कॉक किंवा पितळी नोझल आहे का? घरात पेस्ट कंट्रोल झालं का, टँकच्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन चालतं का? (त्या औषधांनी श्रिंप फार पटकन मरतात, मासेही दगावतात, पण स्नेल त्यामानाने तग धरतात. तुमचे स्नेल पण चाललेत म्हणून माझा संशय तिकडे कमी आहे, तरी विचारून ठेवतो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरचा आरओ म्हणजे नक्की कुठला, पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर का? तो किती जुना आहे, त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती?

---

समुद्रवेडी_वाघोली:

दादा, चेकर बघितला, बरोबर आहे तुमचं, फॉस्फरस पीपीबीच लिहिलंय त्यावर. इतके महिने मी ०.०८ समजून वहीत लिहीत होते.

मीठ तेच आहे, बादली तीच, पितळेचं काही नाही. पेस्ट कंट्रोल दिवाळीआधी झालं होतं, त्यानंतर नाही. डासांचं मशीन बेडरूममध्ये आहे, टँक हॉलमध्ये आहे.

प्युरिफायर पिण्याच्या पाण्याचाच, स्वयंपाकघरातला. आणि हो, तो बदललाय. जुना सात वर्षांचा झाला होता, पाडव्याला नवीन घेतला. सासूबाई पहिल्यापासून रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी उठल्यावर तेच पितात, त्यामुळे त्यांच्यासाठी आम्ही मुद्दाम कॉपरचं कार्ट्रिज असलेलं मॉडेल निवडलं. आता हे टाइप करतानाच माझ्या हातापायातला जीव गेलाय. पाडवा मार्चमध्ये होता, पहिला श्रिंप एप्रिलमध्ये गेला.

टीडीएस आत्ता मोजला, ७२ आला. इन्स्टॉल करणारा मुलगा म्हणाला होता ७०-८० एकदम मस्त. सोसायटीत मार्चपासून टँकरचं पाणी येतंय, त्याचा टीडीएस ६९० आहे.

पण मी मधे दुकानातून कॉपरची टेस्ट किट आणून बघितली होती, ती शून्य आली होती. मग तरी कॉपरच असेल का?

---

खारेपाणी:

ताई, आता सगळं जुळलं. कृपा करून आजपासून त्या प्युरिफायरचा एक थेंबही टँकमध्ये जाऊ देऊ नका, रोजचा टॉपअप (उडालेल्या पाण्याची भर) सुद्धा नाही.

तुमच्या प्युरिफायरमध्ये दोन गोष्टी होतायत. एक म्हणजे टीडीएस कंट्रोलर. मेम्ब्रेनमधून (आरओच्या क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) आलेलं पाणी चवीला सपक लागतं म्हणून त्यात थोडं मेम्ब्रेन टाळून आलेलं पाणी परत मिसळतात. म्हणून तुमचा ७२ येतोय. ६९० वर नीट चालणाऱ्या मेम्ब्रेनमधून सरळ बाहेर आलेलं पाणी १५ ते ३५ च्या दरम्यान असायला हवं. म्हणजे टँकरच्या बोअरचं पाणी, त्यातलं नायट्रेट, सिलिकेट, जे असेल ते, थोडं थोडं तसंच टँकमध्ये जातंय. फॉस्फेटचा काही वाटा तिथूनही आला असेल, बाकीचा खाण्यातून. आणि दुसरं ते कॉपर कार्ट्रिज, जे मुद्दामच तांबं सोडतं, कारण ते माणसांना पिण्यासाठी बनवलंय. त्या कामासाठी ते ठीकच आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० ह्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. समुद्राच्या पाण्यात तांबं ०.००१ मिलिग्रॅमच्याही खाली असतं. माणसाला चालणारं पाणी आणि श्रिंपला चालणारं पाणी ह्यात एवढी दरी आहे.

आता हिशोब बघा. मे मध्ये पंखा लावल्यावर तुमच्या टँकमधून रोज साडेतीन लिटर तरी उडत असेल. उडतं ते फक्त पाणी, तांबं मागेच राहतं. समजा प्युरिफायरमधून लिटरला ०.१ मिलिग्रॅम येतंय, तर साठ दिवसांत २१० लिटर टॉपअप, म्हणजे २१ मिलिग्रॅम तांबं, २०० लिटरच्या टँकमध्ये लिटरला ०.१ च्या वर गेलं. त्यात वॉटर चेंजच्या पाण्यातलं वेगळं. थोडं रॉकने आणि वाळूने शोषलं असेल, थोडं कार्बनने, पण उरलेलं पुष्कळ आहे. समुद्री माशांना आयक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) झाला की हॉस्पिटल टँकमध्ये आपण मुद्दाम ०.१५ ते ०.२५ च्या आसपास आयनिक कॉपर ठेवतो आणि मासे ते आठवडेच्या आठवडे सोसतात. तुमचे क्लाउन अंडी घालतायत ते त्यामुळेच.

श्रिंपला थोडं तांबं लागतंच खरं तर, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं, तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, स्नेलच्या रक्तातही बहुतेक तेच. पण लागतं ते अगदी कणभर, जास्त झालं की कल्ल्यांवर परिणाम होतो आणि ते गुदमरतात.

टेस्ट शून्य आली ह्याने फसू नका. हॉबी किट औषधाचा डोस मोजायला बनवलेली असते, ०.०५ च्या खालचं तिला दिसतच नाही आणि रंगाच्या पहिल्या दोन घरांत डोळ्यांना फरक कळत नाही. शिवाय तुम्ही ती कधी केली होती, एप्रिलमध्ये का? मीठ न घातलेल्या प्युरिफायरच्या पाण्यावर करून बघा आणि टँकवर पण परत करा, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून.

---

केमिस्ट्री_सदाशिवपेठ:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. तर्क पटतोय, पण पुरावा हातात नसताना एकाच गोष्टीच्या मागे लागू नये असं मला वाटतं. ताईंच्या बाकीच्या रिडिंगमध्ये पण दोन जागा आहेत. रिफ्रॅक्टोमीटर कशाने कॅलिब्रेट केलाय? आरओच्या पाण्याने शून्य लावला असेल आणि त्या पाण्याचा टीडीएस ७२ असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही, पण बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर बरोबर आणि ३५ वर चुकीचे असतात. त्यासाठी ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन फ्लुइड मिळतं, ते आणा. मी पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा माझं १.०२६ प्रत्यक्षात १.०२९ निघालं होतं. श्रिंपला सॅलिनिटीतला फरक माशांपेक्षा जास्त लागतो, आणि वॉटर चेंजनंतरच मरतात म्हटल्यावर नवीन पाण्याची सॅलिनिटी आणि टँकची सॅलिनिटी ह्यातला फरक पहिल्यांदा तपासायला हवा. दुसरं २९.५ तापमान. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात रात्री पीएच खाली जातो.

---

खारेपाणी:

रागवायचं काय त्यात, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि ताईंनी दोन्ही तपासावेत. फक्त एक सांगतो, सॅलिनिटीच्या धक्क्याने स्नेल उलटे पडले असते आणि दोन दिवसांत सावरले असते, इथे महिनाभर उतरती कळा आहे. लेदर तीन आठवडे मिटून बसलाय. आणि हाताशी तांबं सोडणारं कार्ट्रिज आहे, ह्याहून मोठा पुरावा काय हवा. तरी खात्री करायची तर आयसीपी टेस्ट आहे, नमुना जर्मनीच्या लॅबला जातो, सगळ्या धातूंचे आकडे येतात. पण तिथून निकाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, उपाय आजच सुरू करा, तो उपाय तांबं नसलं तरी टँकला काही त्रास देणार नाही.

उपाय असा. आधी पाण्याची सोय. चार स्टेजचं आरओडीआय युनिट घ्या, सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन. शेवटच्या नळीतून टीडीएस शून्य यायला हवा, एक पण नाही, शून्य. ते येईपर्यंत कुणा टँकवाल्याकडून कॅन भरून आणा, पुण्यात बरेच जण आनंदाने देतील. २० लिटरच्या पिण्याच्या पाण्याच्या जारमध्ये बऱ्याचदा मिनरल घातलेले असतात, ते नको. बॅटरीचं पाणी काही जण वापरतात, पण त्यात भरणारा कोण आणि कॅन आधी कशाला वापरलेला ते आपल्याला माहीत नसतं, मी घेत नाही.

पाणी मिळालं की २५ टक्के बदला, म्हणजे ५० लिटर. सॅलिनिटी, तापमान आणि केएच टँकशी जुळवून, एक रात्र पंप लावून ढवळलेलं. चार दिवसांनी परत तेवढंच, मग आठवड्याने परत. तीन वेळा केलंत की मूळ तांब्यातलं ४२ टक्के उरतं, पण रॉक परत सोडत राहणार म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही. क्युप्रिसॉर्ब मिळालं तर बॅगेत भरून संपमध्ये जिथे पाणी जोरात वाहतं तिथे ठेवा. ते धातू धरतं आणि धरलं की रंग निळसर हिरवा होत जातो, त्यामुळे तुम्हाला डोळ्यांनी उत्तर मिळेल. सोबत ताजं कार्बन, दर दहा दिवसांनी बदलून. स्किमर चालूच. आणि आता काहीही नवीन प्राणी नको.

---

टँकरग्रस्त_उंड्री:

ताई मी पण टँकरच्या पाण्यावरच टँक चालवतो, त्यामुळे आरओडीआयबद्दल माझे चार शब्द, कारण हे इंटरनेटवर कुणी सांगत नाही, तिथे सगळ्यांच्या नळाचं पाणी चांगलंच असतं.

पहिली गोष्ट प्रेशर. गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्यांना प्रेशर फार कमी येतं, मेम्ब्रेनला ६० पीएसआयच्या आसपास हवं असतं, नाहीतर चांगलं पाणी कमी आणि वेस्टच जास्त निघतं, आणि मेम्ब्रेन क्षार नीट अडवत नाही. बूस्टर पंप घ्याच.

दुसरं, बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खूप असतो. तो मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो आणि डीआय रेझिन खाऊन टाकतो. माझं रेझिन पावसाळ्यात कॉर्पोरेशनच्या पाण्यावर पाच महिने गेलं आणि एप्रिल-मे मध्ये सहा आठवड्यांत संपलं. मग मी मेम्ब्रेनचं पाणी आधी एका ड्रममध्ये साठवून रात्रभर एअरस्टोन लावायला लागलो आणि मग ते डीआयमधून सोडतो. रेझिन आता बरंच जास्त टिकतं.

तिसरं, युनिट सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं मेम्ब्रेनमधून येणारं पाणी डीआयमध्ये जाऊ देऊ नका. युनिट बंद असताना क्षार मेम्ब्रेनच्या पलीकडे झिरपतात आणि सुरुवातीचा टीडीएस भरपूर असतो. माझ्याकडे पहिल्या मिनिटाला ११०, पाच मिनिटांनी २२. म्हणून रोज दोन लिटर काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच ५० लिटर काढा.

आणि वेस्ट पाण्याचं. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर वेस्ट निघतं. टँकरच्या सीझनमध्ये हे मनाला फार लागतं, बिल्डिंगमध्ये लोक बादल्या मोजतायत आणि आपण पाणी सोडतोय. मी ते सगळं ड्रममध्ये घेतो, फ्लशला, लादी पुसायला आणि गॅलरी धुवायला वापरतो. झाडांना देत नाही, बोअरचे क्षार त्यात अजून दाट झालेले असतात, कुंड्यांत पांढरा थर बसतो.

---

मालवणकिनारा:

मध्येच विचारतो, समुद्राचं पाणीच का नाही वापरत तुम्ही लोक? आमच्याकडे मालवणात दोन-तीन जण नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यापासून आत होडीने जाऊन कॅन भरून आणतात, गाळून, अंधारात आठवडाभर ठेवून वापरतात, छान चालतं. पण एक सांगतो, जून ते सप्टेंबर अजिबात नाही. कोळंबची खाडी, कर्लीची खाडी, सगळं गढूळ गोडं पाणी समुद्रात येतं, सॅलिनिटी खाली जाते, तेव्हा किल्ल्याच्या होड्या पण बंद असतात. आणि बंदरातलं पाणी कधीच घेऊ नये, बोटींचं डिझेल असतं त्यात. बोटीच्या तळाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात तर तांबंच घालतात, म्हणजे वाघोलीच्या ताईंचाच प्रॉब्लेम परत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खरी प्रवाळं आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मी लहानपणापासून तिथे डुंबत आलोय. काही वर्षी एप्रिल-मे मध्ये ती पांढरी पडलेली बघितलीत आणि पोटात तुटतं. म्हणून कुणी पाणी आणायला आलात तर पाणीच न्या. दगडाला हात लावू नका, तुटून पडलेला तुकडाही उचलू नका. कठीण प्रवाळं, सी फॅन, काळं प्रवाळ, सगळी वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहेत, वाघाच्याच रांगेत.

---

खारेपाणी:

किनारावाले, अगदी मनातलं बोललात. पुण्याहून येऊन पाणी नेणं परवडायचं नाही, आणि मुंबईच्या जवळचं पाणी सांडपाण्यामुळे मी कुणालाच सुचवणार नाही. पण बोटीच्या रंगाचं मला माहीत होतं तरी सुचलं नव्हतं.

---

समुद्रवेडी_वाघोली:

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. सात आठवड्यांनी लिहितेय, मुद्दाम थांबले होते, काहीतरी ठोस सांगता यावं म्हणून.

त्याच दिवशी दुपारी प्युरिफायरच्या पाण्यावर कॉपर टेस्ट केली, पांढऱ्या कागदावर, खिडकीत. रंग आला. पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या मधला. टँकच्या पाण्यात अगदी फिकट, आला का नाही अशी शंका यावी इतपत. एप्रिलमध्ये मी ट्यूबलाइटखाली टँकचंच पाणी बघितलं होतं.

कॅलिब्रेशन फ्लुइड आणलं, रिफ्रॅक्टोमीटर १.०२६ दाखवत होता ते खरं १.०२७ निघालं, म्हणजे सदाशिवपेठवाल्या दादांचा संशयही थोडासा खरा होता. नीट लावून घेतला. पाणी बदलताना आता मी टँकचं आणि बादलीचं दोन्ही मोजते.

पहिले दोन वॉटर चेंज खराडीतल्या एका टँकवाल्या दादांच्या पाण्यावर केले, त्यांनी पाच-पाच कॅन भरून दिले आणि एक रुपया घेतला नाही. मग आरओडीआय आलं, बूस्टर पंपासकट. सुरू करून पहिल्यांदा मीटरवर शून्य बघितला तेव्हा मुलाला हाक मारून दाखवला.

क्युप्रिसॉर्बची बॅग लावली. नवव्या दिवशी बॅगेच्या पुढच्या बाजूला हिरवट छटा दिसायला लागली, तीन आठवड्यांत अर्धी बॅग निळसर हिरवी. ते बघून मला रडूच आलं खरं सांगते, कारण ते सगळं मी माझ्या हाताने, दर रविवारी, चांगल्या भावनेने ओतत होते. ती बॅग बदलून दुसरी लावली, ती अजून तशी रंगलेली नाही, कडेला किंचित.

लेदरने सतराव्या दिवशी वरची मेणचट साय टाकली आणि विसाव्या दिवशी थोडे पॉलिप काढले. आता पूर्ण उघडतो. झोआ सगळे उघडे आहेत, मशरूम पूर्वीएवढे नाहीत पण फुगतायत. उरलेल्या तीन स्नेलपैकी एक गेला, दोन जगलेत आणि काचेवर फिरतायत, सकाळी लाइट लागायच्या आधी बघितलं तर हिरव्या काचेवर त्यांनी खाल्लेल्या वेड्यावाकड्या वाटा दिसतात.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना खूप वाईट वाटलं, माझ्या पाण्याने तुझी कोळंबी गेली म्हणाल्या. मी सांगितलं तुमचं काहीच चुकलेलं नाही, पाणी तुमच्यासाठी चांगलं आहे, फक्त त्यांच्यासाठी नाही. प्युरिफायर तसाच आहे. टँकच्या कॅनवर आता त्यांनीच मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, माशांचे पाणी, पिऊ नये, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही त्यांनीच दोन्हीतला फरक समजावला.

फॉस्फेट गुणाकार करून ०.१८ आहे आत्ता. जीएफओ अजून लावलेलं नाही. विचारायचं होतं, आता लावू का, आणि श्रिंप कधी आणू?

---

खारेपाणी:

ताई, वाचून फार बरं वाटलं. बॅगेच्या रंगाचा फोटो टाकता आला तर टाका, पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल.

श्रिंप अजून महिनाभर नको. रॉक हळूहळू सोडत असतो. दुसरी बॅग तीन-चार आठवडे रंगली नाही तर आधी दोन स्वस्तातले स्नेल आणा, पंधरा दिवस बघा, ते टिकले तर मग एकच श्रिंप. आणि मेलेला स्नेल दिसला की लगेच काढत जा, तो सडला तर आपण परत फॉस्फेटच्या मागे धावत बसू.

जीएफओ लावा, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागाने सुरू करा आणि दर तीन दिवसांनी मोजा. आठवड्याला ०.०३-०.०४ पेक्षा जास्त उतरायला नको. ०.०८ च्या आसपास आलं की थांबवा, शून्यावर नेऊ नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाली की डायनो येतात, तो तपकिरी चिकट प्रकार घालवायला मला आठ महिने लागले होते.

---

ठाण्याचा_टँक:

ताई, मी पहिल्या दिवशी ५० टक्के पाणी बदला म्हणालो होतो. तुम्ही ते प्युरिफायरच्याच पाण्याने केलं असतं तर काय झालं असतं ह्या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नव्हती. इथून पुढे आधी पाणी कुठलं ते विचारेन. माझ्याकडे टर्बो स्नेलची दहा-बारा पिल्लं झालीत, पुण्याला येणं होतंच महिन्यातून एकदा, तुमची पंधरा दिवसांची टेस्ट करायला चार घेऊन येतो.

---

समुद्रवेडी_वाघोली:

अहो नका वाईट वाटून घेऊ, तुम्ही मदतच करत होतात. पिल्लं नक्की आणा. बॅगेचा फोटो आज रात्री टाकते, आणि फॉस्फेटचं रिडिंग रविवारी.